मुदतीआधीची निवडणूक



जुन्नरहून पश्चिमेला निघाले, आपटाळे मागे टाकले, चावंडचा किल्ला ओलांडला की बऱ्याच वेळाने घाटघर लागते. पुढे नाणेघाट, आणि घाटाखाली कोकण. अशा गावातून पाहिले तर मुंबई दूर, आणि दिल्ली त्याहूनही दूर. परंतु दिल्लीत एखाद्या पक्षाचे बळ वाढले वा घटले म्हणून घाटघरच्या माणसाला मुदतीआधीच पुन्हा मतदानाला जावे लागले, असे घडलेले आहे. ते कसे घडले, आणि त्यात आपल्या मताचे काय झाले, ते आज पाहू.

नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही आहे. पुढे हा मुलूख काही काळ नहपान क्षत्रपाकडे गेला आणि गौतमीपुत्राने तो परत घेतला. सत्ता बदलली, पण घाट चढणाऱ्याला कुणी काही विचारले नाही. त्याने फक्त जकात भरायची! आज सत्ता बदलण्यापूर्वी विचारतात, हा फरक लहान नाही. प्रश्न एवढाच, की प्रत्येक वेळी विचारतात का?

विधानसभेची मुदत पाच वर्षांची. घटनेने ती ठरवून दिली आहे, मात्र त्याआधी सभा विसर्जित झाली नाही तर, अशी अट घालून. या अटीच्या दारातूनच मध्यावधी निवडणूक आत येते.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण १९८० सालचे. त्यासाठी दोन वर्षे मागे जायला हवे. फेब्रुवारी १९७८ मध्ये विधानसभेच्या २८८ जागांसाठी मतदान झाले. काँग्रेस नुकतीच दुभंगलेली होती. जनता पक्षाला ९९, एका काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. म्हणजे मतदाराने कुणाच्याच हाती किल्ली दिली नाही. मग एकमेकींविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. साडेचार महिनेही झाले नाहीत तोच शरद पवार आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले. जुलै १९७८ मध्ये जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष वगैरेंना बरोबर घेऊन त्यांनी पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, सरकार बनवले.

येथे थोडे थांबू या. सरकार बदलले, मुख्यमंत्री बदलला, सत्ताधारी पक्ष बदलले, पण घाटघरच्या मतदाराला कुणी बोलावले नाही. आमदारांनी आपसात ठरवले. कायद्याने ते चुकीचे नव्हते, कारण सभागृहात ज्याच्या मागे बहुमत त्याचे सरकार, हीच संसदीय पद्धत आहे.

आता दुसरा बदल पाहा. दिल्लीत जनता पक्ष फुटला, मोरारजी देसाईंचे सरकार गेले, चरणसिंगांचे तर लोकसभेला सामोरे न जाताच गेले. जानेवारी १९८० मध्ये लोकसभेची मध्यावधी निवडणूक झाली आणि इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन परत आल्या. लगेच फेब्रुवारीत विरोधी पक्षांची सरकारे असलेल्या नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त झाल्या. त्यांत महाराष्ट्र होता. पुलोद सरकारने सभागृहात बहुमत गमावले होते काय? नाही. लोकसभेत लोकांनी तुमचे पक्ष नाकारले, तेव्हा राज्यातही तुम्हाला अधिकार उरला नाही, असा हा युक्तिवाद. बरं, तो काँग्रेसने नव्याने शोधलेला नव्हता. १९७७ साली जनता सरकारने काँग्रेसची नऊ राज्ये याच युक्तिवादाने बरखास्त केली होती. नवाला नऊ, अशी ती फेड.

यात नुसते सूडबुद्धीचे राजकारण होते असे मला वाटत नाही. हिशेबही होता. राज्यसभेचे बहुतेक सदस्य विधानसभेचे आमदार निवडून देतात, आणि दर दोन वर्षांनी एकतृतीयांश निवृत्त होतात. महाराष्ट्राच्या वाट्याला राज्यसभेच्या १९ जागा आहेत. लोकसभेत प्रचंड बहुमत असले तरी राज्यसभेत बळ नसेल तर कायदे अडतात, आणि ते बळ राज्याराज्यांच्या विधानसभांतूनच येते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीतही आमदार मत देतो. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरले जाते. तेव्हा आपण आमदार निवडताना घाटघरच्या रस्त्याचा विचार करतो, पण तेच मत दोन पायऱ्या चढून दिल्लीत पोहोचते. दिल्लीला आपल्या विधानसभेची एवढी आस्था का, हे त्यातून उलगडते.

मतदान मे महिन्याच्या अखेरीस झाले. आपल्या डोंगरपट्ट्यात ते दिवस कसले असतात हे मी सांगायला नको. राब भाजून झालेले, बाळहिरडा गोळा करून विकायची घाई आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडे. इंदिरा काँग्रेसला १८६ जागा मिळाल्या आणि ९ जूनला अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. शिक्षकांनी ६२ आणि १८६ हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. दोन वर्षांचे अंतर आहे. मुले आपणच विचारतील की मत बदलले की प्रश्न बदलला. माझे मत असे की प्रश्नच बदलला होता. १९८० मध्ये मुंबईच्या कारभाराविषयी विचारणा झाली, पण उत्तर दिल्लीकडे पाहून दिले गेले.

मतदार नेहमीच असे करतो असे मात्र नाही. १९९९ साली एप्रिलमध्ये केंद्रातले सरकार एका मताने पडले आणि लोकसभेची मध्यावधी निवडणूक आली. विधानसभेला मार्च २००० पर्यंत मुदत होती, परंतु राज्यातल्या युती सरकारने आपलीही निवडणूक तेव्हाच उरकून घेतली. मतदाराने एकाच वेळी दोन मते दिली. लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा युतीला, आणि विधानसभेच्या २८८ पैकी फक्त १२५! नुकत्याच वेगळ्या झालेल्या दोन काँग्रेस पुन्हा एकत्र बसल्या आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. तोच मतदार, तोच दिवस, आणि कौल मात्र सारखे नाहीत.

१९८० सारखी बरखास्ती आता सोपी राहिलेली नाही. १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावी आणि संसदेच्या संमतीवाचून विधानसभा विसर्जित करू नये. दिल्लीकडचे दार असे बरेचसे बंद झाले. आमदारांकडचे दार बंद करायला १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला आणि २००३ साली तो कडक झाला. तरी जून २०२२ मध्ये शिवसेना दुभंगली, सरकार बदलले, आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीही दुभंगली. मतदाराला बोलावणे आले ते नेहमीच्या मुदतीनेच, नोव्हेंबर २०२४ मध्ये.

डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत एक घटनादुरुस्ती विधेयक मांडले गेले आणि ते संयुक्त समितीकडे गेले. लोकसभा व विधानसभांच्या निवडणुका एकत्र घ्याव्यात, आणि मध्येच विधानसभा विसर्जित झाली तर नवी सभा फक्त उरलेल्या काळापुरती निवडावी, अशी त्यातली योजना आहे. खर्च वाचेल, वारंवारच्या आचारसंहितेने कामे अडणार नाहीत, असे तिचे समर्थक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण घाटघरकडून पाहा. समजा, चौदा महिनेच उरले आहेत. त्यांतला पावसाळा वजा करा, कारण जून ते सप्टेंबर या वाटेवर फावडे चालत नाही. दिवाळीनंतर काम सुरू व्हायचे, त्याआधी मंजुरी, अंदाजपत्रक, निविदा. नवा आमदार मंजुरीचा कागद आणील, रस्त्याच्या कडेला खडीही पडेल, आणि तेवढ्यात पुढच्या निवडणुकीची आचारसंहिता लागलेली असेल.