दृष्टीचा पल्ला

शहाद्याकडून पाहणाऱ्यास सातपुडा कधीं अगदीं हाताशीं आल्यासारखा दिसतो, तर कधीं भर दुपारींही दिसेनासा होतो. डोंगर जागचा हालत नाहीं. बदलते ती मधली हवा.

दूरचा पदार्थ दिसतो तो त्याच्या व मागील आकाशाच्या उजेडांतील भेदामुळें. हवेंतील धूळ, धूर व जलकण प्रकाश इतस्ततः विखुरतात आणि डोंगराची काळी कड फिकट होत जाते. हा भेद शेंकडा दोनच्या आसपास उरला कीं डोळ्यास ती कड ओळखूं येत नाहीं. कोश्मीडर नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १९२४ सालीं याचें गणित मांडलें. वैशाखांत डोंगर झांकते ती बहुधा धूळ. एक मोठी सर पडून गेली कीं तोच डोंगर लख्ख दिसूं लागतो.

धुक्याची गोष्ट निराळी. दृष्टीचा पल्ला एक किलोमीटरच्या आंत आला तरच हवामानशास्त्र त्यास धुकें म्हणतें. पौषांत तापीकांठीं रात्र निरभ्र व निवांत असली म्हणजे जमीन निवते, तिच्या लगतच्या हवेंतील बाष्पाचे कण होतात आणि सखल जागीं धुकें सांचतें. ऊन चढलें कीं तें बहुधा विरतें. परंतु सुमारें १,१५० मीटर उंचीवरील तोरणमाळास श्रावणांत जें वेढतें, तो खरोखर ढगच होय. समुद्रावरून आलेला दमट वारा सातपुडा चढतांना थंड होतो व ढग घाटावर टेकतो. वारा वाहतो तोंवर नवा ढग बनतच राहतो. म्हणून ‘घटकाभर थांबा, निवळेल’ हा तापीकांठचा सल्ला घाटांत लागू पडेलच असें नाहीं.

रेल्वेनें हा प्रश्न नुसत्या अंदाजावर सोडलेला नाहीं. तिच्या नियमांत स्टेशनमास्तरासाठीं १८० मीटरवरील एक खूण ठरविलेली असते. ती दिसेनाशी झाली म्हणजे सिग्नलच्या निदान २७० मीटर अलीकडे रुळांवर फटाके ठेवण्याची पद्धत आहे. ते चाकाखालीं फुटतांच ड्रायव्हर सावध होतो. डोळा निकामी झाला तेथें कानाकडून काम घेण्याची ही युक्ति मोठी सुज्ञपणाची!

सडकेवर मात्र असा पहारेकरी नाहीं. धुक्यांत पुढची गाडी फिकट दिसते, म्हणून ती आहे त्याहून लांब भासते. मोठा दिवा समोर रोखला तर त्याचाच उजेड जलकणांवरून परतून डोळ्यांत येतो. दिवा खालीं वळविलेला बरा. ताशीं ६० किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर जाते. पुढचें ३० मीटरच दिसत असेल, तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच निम्म्याहून अधिक वाट सरते. उरलेल्या वाटेंत गाडी थांबत नाहीं.

सहलीस निघालेल्यानें अशा वेळीं मुक्काम करावा. पण धडगांवाहून चांदसैली घाटानें नंदुरबारच्या इस्पितळास निघालेल्या रुग्णाच्या गाडीस तशी मोकळीक कोठली? तिनें ताशीं वीसच्या आंत, दिवा खालीं ठेवून, सडकेची कड पाहत उतरावें, आणि पाठीमागें बसलेल्या आप्तांनीं ड्रायव्हरास घाई लावूं नये.