पल्याडची शस्त्रक्रिया, अल्याडचं ताट



लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांची परिषद म्हटली की अध्यक्षाच्या खुर्चीत बहुधा सर्जन असतात. यंदा आपण तो मान अलिबागमध्ये काम करणाऱ्या एका आहारतज्ज्ञ बाईला दिलात. याचा अर्थ मी असा घेते, की शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांबद्दल नीट बोलायची वेळ आली आहे. आपले मनापासून आभार मानते आणि त्याच वर्षांबद्दल बोलते.

आपल्या किनाऱ्यावरचा रुग्ण या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला जातो. मांडव्याहून लाँच पकडतो, गेटवेला उतरतो, आणि काही दिवसांत लहान झालेलं पोट घेऊन परत येतो. पुढची सगळी वर्षं तो जेवतो ते मात्र इथे, थळला, रेवदंड्याला, मुरुडला, श्रीवर्धनला. वजन पुन्हा चढतं ते इथे. म्हणून ते रोखायचं कामही इथेच, इथल्या भाषेत आणि इथल्या ताटात व्हायला हवं. मला आज एवढंच सांगायचं आहे.

मासळी बाजारात बसणाऱ्या माझ्या एका रुग्णाची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी तिचं वजन ११८ किलो होतं, दीड वर्षात ते ७६ वर आलं. गुडघे मोकळे झाले, मधुमेहाची गोळी बंद झाली. मग ती यायची थांबली. आठ महिन्यांनी आली तेव्हा काटा ८८ दाखवत होता. काट्यावर उभी असताना तिने डोळे मिटून घेतले होते. ‘ताई, मी जेवते कुठं? दोन घासांत पोट भरतं माजं,’ ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. जेवण खरंच दोन घासांचं होतं. मी तिला दिवस सांगायला सांगितला. पहाटे पाचला चहा आणि खारी. लिलाव झाल्यावर चहा आणि खारी. गिऱ्हाईक ओसरलं की पुन्हा चहा. दिवसाचे सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे ६० ग्रॅम साखर, २४० कॅलरी, आणि त्यात दूध आणि खारीतलं तूप-मैदा धरलेलं नाही. चहात बुडवलेली खारी तोंडात विरघळते, लहान पोटातून सरकून जाते, पोट भरल्याची जाणीवच होत नाही. बांगड्याचा तुकडा मात्र चावावा लागतो, पोटात थांबतो, म्हणून जड वाटतो. ज्याने पोट भरायला हवं ते तिने सोडलं होतं, आणि ज्याने भरत नाही ते दिवसभर चालू होतं.

माझी चूकही सांगायला हवी. तिच्या पाटीखाली घडी करून ठेवलेला आहाराचा कागद होता. त्यावर ओट्स, ब्रोकोली आणि पनीर लिहिलं होतं. सुकट, वाल, कोळंबी यांचं नाव नव्हतं, आणि पहाटे पाचच्या चहाबद्दल एक अक्षर नव्हतं. तो कागद माझ्या हातचा होता.

वजन परत का चढतं, हे रुग्णाला समजावून सांगितलं पाहिजे, म्हणजे निम्मी शरम तिथेच गळून पडते. १९६६ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी वजन कमी करण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास सुरू केली, तेव्हा कल्पना साधी होती: जागा कमी केली की खाणं कमी होईल. पुढे कळलं की भुकेची संप्रेरकंही यात बदलतात. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, आणि स्लीव्ह शस्त्रक्रियेत नेमका तोच भाग काढला जातो. साधारण पाऊण जठर जातं. म्हणून पहिलं वर्ष सोपं जातं. भूकच लागत नाही. पण शरीर हुशार आहे. वजन उतरलं की ते कमी ऊर्जेत भागवायला शिकतं, भूक हळूहळू परत येते, आणि जुन्या सवयी तर कुठे गेलेल्याच नसतात.

स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं. दहा वर्षांनी ती घट २५ टक्के होती. म्हणजे थोडं वजन परतणं हा शरीराचा धर्म आहे. पण त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी राहिलं, हेही रुग्णाला सांगा. दोन किलो वाढले म्हणून सगळं वाया गेलं असं मानून जो येणं थांबवतो, त्याचे पुढे वीस वाढतात.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं, की भारतीय बाळ वजनाने कमी असूनही अंगात चरबी जास्त घेऊन जन्मतं. आपल्या माणसाला कमी वजनातही मधुमेह गाठतो. म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार बीएमआय २७.५ पासून करावा असं आलं. याचाच दुसरा अर्थ असा, की परत आलेले सात-आठ किलोही आपल्या माणसाला महाग पडतात.

आता ताटाकडे येते. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, हे आपण सगळे सांगतो. ती आपल्या किनाऱ्यावर कशी मिळतात ते सांगूया. दोन अंडी, १२ ग्रॅम. बांगडा किंवा कोळंबी १०० ग्रॅम, दिवसात दोनदा, मिळून ३६ ते ४०. एक पेला दूध किंवा तेवढं दही, ८. झाले साठच्या आसपास. ओला बोंबील पहिल्या मऊ जेवणांत फार चांगला, पण त्यात पाण्याचा अंश मोठा, त्याच्या भरवशावर राहू नका. जेवताना मासा आधी, भाजी मग, भाकरी किंवा भात शेवटी. भातावर कालवण ओतून ओरपायची आपली सवय इथे घात करते, कारण पातळ भात चहातल्या खारीसारखाच सरकून जातो. घास चांगला चावा. जेवताना पाणी नको, जेवल्यावर अर्धा तास थांबा. सोलकढी प्या, पण जेवणासोबत नको, आणि कोकम सरबत बिनसाखरेचं. ताडी-दारूबद्दल स्पष्ट सांगा: या पोटाला ती पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते.

जून-जुलैत मासेमारी बंद होते आणि ताटातला मासा जातो. भात, चहा आणि भजी तेवढी उरतात. माझ्या अनुभवात रुग्णांचं वजन सरकायला लागतं ते याच पावसात. त्या दोन महिन्यांची तरतूद मे महिन्यातच करायला सांगा: अंडी, वालाचं बिरडं, मूग, दही, आणि सुकट-जवळा भिजवून मीठ काढून टाकून. रक्तदाब असेल तर सुकी मासळी जपून. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर, बरं वाटतंय म्हणून बंद करायच्या नाहीत. उलट्या थांबत नसतील तर एक दिवसही घरी काढू नका.

आणि आग्रह. आपल्याकडे पानावर वाढत राहणं म्हणजे प्रेम. शिमग्याला पालखी दारात येते, नारळी पौर्णिमेला घराघरात नारळीभात होतो, आणि सासूबाई म्हणतात, ‘एवढंसं खाऊन कसं चालेल?’ म्हणून पहिल्या भेटीला घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला बोलवा. रुग्णाला सणातून उठवू नका. हिवाळ्यात वाडीत पोपटी लागते. भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात शिजते. मी माझ्या रुग्णाला सांगते, जा, बस, अंडं खा, कोंबडीचा एक तुकडा खा, चार शेंगा सोल. माणसांत बसून चावून खाल्लेलं जेवण अंगी लागतं. एकट्याने लपून खाल्लेल्या फरसाणाने वजन चढतं.

लपवण्याबद्दलही बोलायला हवं. नितीन गडकरींनी २०११ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याबद्दल ते मोकळेपणाने बोलले. आपल्या गावांत मात्र अजून ‘पित्ताशयाचं ऑपरेशन’ असं सांगितलं जातं. शेजारणीला माहीत नसेल तर ती लाडू देणारच.

या परिषदेकडून माझ्या तीन मागण्या आहेत. मुंबईतल्या सर्जन मंडळींनी घरी सोडतानाच रुग्णाचे कागद त्याच्या गावच्या डॉक्टरांकडे पाठवावेत. दोन वर्षांनंतरही, वर्षातून किमान एकदा, वजन आणि रक्ताची तपासणी रुग्णाला बोट न पकडता इथेच करता यावी. आणि पाच किलो वाढले की रुग्णाला न रागावता बोलवावं. आहार बदलता येतो, सेमाग्लुटाइडसारखी नवी औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येतात, क्वचित पुन्हा शस्त्रक्रियाही करता येते. पण माणूस दारात आला तरच.

माझी मासळीवाली आता बाजारात डबा आणते. त्यात दोन उकडलेली अंडी असतात. चहा दोनदा, बिनसाखरेचा. तिचं वजन ८१ आहे. ७६ कदाचित पुन्हा कधी दिसणार नाही, आणि आम्ही दोघींनी ते मान्य केलं आहे. परवा काट्यावर तिने डोळे उघडे ठेवले होते.

आपल्या प्रत्येकाच्या वहीत अशी काही नावं असतील, जी वर्षभर आलेली नाहीत. मासेमारीची बंदी लागण्याआधी, या मे महिन्यात, त्यांना फोन करा. वजन विचारू नका. ‘काय जेवलात?’ एवढंच विचारा, आणि शेवटपर्यंत ऐका.