पस्तिसास एक

प्लॅस्टिकच्या रणगाडा-प्रतिकृतींचे 1:35 हे प्रमाण कोणा आरेखकाने योजिलेले नाही. 1960 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत जपानच्या तामिया कंपनीने ‘पँथर’ काढला. आत विद्युत-मोटार व सेल मावावेत, एवढ्यावरून ते ठरले. मोटारीपायीच त्या काळच्या कित्येक संचांतील सांगाडे मुळाहून रुंद झाले. गन कॅरेज फॅक्टरीच्या जबलपुरात ही चूक खपणे कठीणच! अब्दुल हमीद यांच्या ग्रेनेडिअर्स रेजिमेंटचे केंद्रही येथेच आहे. 1965 साली असल उत्तर येथे त्यांनी ज्या पॅटन रणगाड्यांशी झुंज दिली, त्यांतील एम-48 ची रुंदी 3.63 मीटर, म्हणजे प्रतिकृती सुमारे 10.4 सेंटिमीटर भरावी. गोंदाआधी फूटपट्टी लावावी. अधिक भरल्यास सांगाडा मधोमध कापून अरुंद करता येतो. तळाची, बटणाकरिता ठेवलेली भोके मात्र जाणते हौशी कधीकधी मुद्दाम उघडीच ठेवतात.