हसणाऱ्या वर्गाची जबाबदारी



 शाळांतल्या चिडवण्यावर विचार करायला भरलेल्या या दोन दिवसांच्या बैठकीत चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांच्या वतीने मी आपले स्वागत करतो. 1982 साली जिल्हे वेगळे झाले. जंगल एकच राहिले आणि शाळांचे प्रश्नही.

भामरागडची माडिया, जिवतीच्या डोंगरातली कोलामी, सिरोंच्याची तेलुगू, मुलचेऱ्याची बंगाली आणि आपली झाडीबोली. इतक्या बोली घेऊन मुले शाळेत येतात. बहुतेक फळ्यांवर मात्र पुस्तकी मराठी असते. वाचायला उभ्या राहिलेल्या मुलाचा उच्चार चुकतो, वर्ग हसतो आणि चिडवणे सुरू होते. गावातल्या शाळेतले मूल संध्याकाळी निदान आईजवळ जाते. निवासी आश्रमशाळेत दिवसा चिडवणारी पोरे रात्री शेजारीच झोपलेली असतात. मग एखादे मूल सुट्टीत घरी जाते ते परतत नाही. हजेरीपटावर ‘गैरहजर’ एवढेच उरते.

यावर छडी हा उपाय नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली आहे. शिवाय मार खाल्लेला पोरगा तो राग पुन्हा त्याच दुबळ्या मुलावर काढतो.

मग उपाय काय? नॉर्वेत तीन मुलांच्या आत्महत्यांनंतर 1983 साली चिडवण्याविरुद्ध देशभर मोहीम निघाली आणि मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी साऱ्या शाळेलाच जबाबदार धरणारा कार्यक्रम उभा केला. फिनलंडच्या ‘किवा’ कार्यक्रमाने बघ्यांवर भर दिला. चिडवणाऱ्याला बळ मिळते ते हसणाऱ्यांकडून. हसू थांबले की त्याची दादागिरी ओसरू लागते.

म्हणून यजमान या नात्याने माझ्या तीन विनंत्या आहेत. चिडवणारा आणि सोसणारा यांच्याशी वेगवेगळे बोला. सर्वांसमोर माफी मागायला लावू नका. मराठी लिहिता न येणाऱ्या मुलाला तक्रारपेटीचा उपयोग नाही. त्याची बोली जाणणारे एक मोठे माणूस प्रत्येक वसतिगृहात असू द्या. आणि 1098 हा बालमदत क्रमांक भिंतीवर रंगवून थांबू नका, तो फिरवायला मुलाला फोनही द्या.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली गोंडी शाळा सुरू केली. तिथे गोंडी बोलल्याबद्दल कोण कोणाला हसणार? बाकीच्या शाळांत हे कसे साधेल, ते या दोन दिवसांत ठरवू या.  जय सेवा!