फरकाचा रकाना



टेबलाच्या काठावरून आडव्या दिशेने सुटलेली गोळी जमिनीवर कोठे पडेल, हा प्रक्षेप्य गतीच्या अभ्यासातील मूलभूत प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधण्यास एक उतरती पन्हळ, पोलादी गोळी, ओळंबा, कार्बन कागद आणि मोजपट्टी एवढे साहित्य पुरते. पन्हळीचे खालचे टोक काठाशी अगदी आडवे ठेवावे आणि गोळी धक्का न देता सोडावी. ती जमिनीवरील कार्बन कागदावर आपटताच खालच्या कोऱ्या कागदावर ठिपका उमटतो. ओळंब्याच्या टोकापासून त्या ठिपक्यापर्यंतचे अंतर म्हणजे गोळीचा पल्ला.

इटलीतील पादुआ येथे गॅलिलिओने सन १६०८च्या सुमारास असाच प्रयोग केला. त्याचे टिपण फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेले आहे. त्यातील मोजमाप पुंतो या एककात असून एक पुंतो मिलिमीटरहून किंचित लहान असतो. मेज ८२८ पुंतो उंच होते. त्याच्या पृष्ठभागापासून ३०० पुंतो उंचीवरून सोडलेली गोळी ८०० पुंतो अंतरावर पडली. सोडण्याची उंची दुप्पट केली, तर पल्ला दुप्पट होत नाही. तो दोनाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. त्या हिशेबाने ६०० उंचीला ११३१ यावयास हवे होते. प्रत्यक्षात आले ११७२. गॅलिलिओने आकडा जुळवून घेतला नाही. दोन्ही संख्या ठेवून त्याने नोंद केली : फरक ४१.

शाळेच्या प्रयोगशाळेतही कसोटीचा क्षण हाच असतो. टेबल ८० सेंटीमीटर उंच आहे आणि गोळी काठापेक्षा १० सेंटीमीटर वरून सोडली, असे समजू. घर्षणाविना घसरणाऱ्या वस्तूचे सूत्र वापरल्यास पल्ला सुमारे ५७ सेंटीमीटर निघतो. गोळी पाच वेळा सोडली तरी ठिपके मात्र ४८च्या आसपास, किंवा त्याहून थोडे अलीकडे, एकमेकांजवळच पडतात. अशा वेळी वहीत ४८चे ५६ करण्याचा मोह होतो. परंतु ही तूट हाताची चूक नव्हे. गोळी घसरत नाही, गडगडते. उंचीतून मिळालेल्या ऊर्जेचा सुमारे दोन सप्तमांश भाग तिच्या स्वतःभोवती फिरण्यात जातो. आकडा बदलणाऱ्या विद्यार्थ्याला हे कारण शोधण्याची गरजच उरत नाही.

प्रक्षेप्याचा मार्ग अन्वस्त असतो, हा सिद्धान्त गॅलिलिओच्या १६३८ साली लायडन येथे छापलेल्या ग्रंथात मांडला गेला. त्याआधी सुमारे तीस वर्षे ते फरक त्याच्या कागदावर होते. हीरकमहोत्सवानंतरच्या प्रत्येक प्रयोगवहीत म्हणूनच तीन रकाने आवर्जून आखले जावेत : अपेक्षित, प्रत्यक्ष आणि फरक.