कमाई नायरात, कर्ज डॉलरात



विकसनशील देशांतल्या दूरसंचार आणि माहिती-तंत्रज्ञानातली गुंतवणूक, असा विषय मला दिला आहे. तो सगळा एका तासात मांडायचा म्हटलं तर नुसती नावांची जंत्री होईल. म्हणून मी आफ्रिकेतल्या मोबाइल कंपन्यांपुरतंच बोलणार आहे. या धंद्यात जे जे घडू शकतं ते गेल्या 25 वर्षांत तिथे घडून गेलं आहे, आणि त्यात एका भारतीय कंपनीचा मोठा पैसा गुंतला आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या म्युच्युअल फंडात भारती एअरटेलचा समभाग असेल, त्यांचाही थोडा पैसा लागोस आणि किन्शासाच्या टॉवरमध्ये आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. गरीब गिऱ्हाईक ही या धंद्यातली जोखीम कधीच नव्हती. गिऱ्हाईक ज्या चलनात पैसे देतं आणि कंपनीने ज्या चलनात कर्ज काढलेलं असतं, त्या दोहोंमधल्या दरीत माणसं बुडाली.

1998 साली मो इब्राहिम यांनी सेलटेल ही कंपनी काढली. इब्राहिम जन्माने सुदानी, शिक्षणाने अभियंते. ब्रिटनमध्ये मोबाइल नेटवर्कच्या आखणीत त्यांनी नाव कमावलं होतं आणि स्वतःची सल्लागार कंपनी उत्तम चालवली होती. युरोपातल्या बड्या कंपन्यांना ते सांगत होते की आफ्रिकेतले परवाने नाममात्र किमतीत मिळताहेत, घेऊन टाका. कोणी घेईना. ज्या देशात माणशी उत्पन्न इतकं तुटपुंजं, तिथे फोनचं बिल कोण भरणार, असा त्यांचा सवाल होता. त्याला आधार नव्हता असंही नाही. झैरेमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, 1980च्या दशकातच टेलिसेल या कंपनीने मोबाइल सेवा सुरू केली होती, पण तिथे नुसतं यंत्र घ्यायला हजारो डॉलर मोजावे लागत. मंत्री आणि खाणींचे व्यापारी, एवढेच तिचे ग्राहक.

बड्या कंपन्यांचं चुकलं ते एकाच ठिकाणी. त्यांनी फोनचा खर्च माणसाच्या उत्पन्नाशी ताडून पाहिला. तो ताडायला हवा होता फोन नसल्याच्या खर्चाशी. गावाकडे आई आजारी आहे की बरी, हे कळायला शहरातल्या मजुराला स्वतः जाऊन यावं लागे. बसचं भाडं जाई, दोन दिवसांची मजुरी बुडे. त्यापुढे दोन मिनिटांचा कॉल महाग असूनही स्वस्तच पडत होता. शिवाय प्रीपेड कार्डामुळे बिलाची भानगडच संपली. पैसे आधी, बोलणं नंतर. वसुलीची चिंता नाही, बुडीत खातं नाही. जगातल्या फार थोड्या धंद्यांना इतकी चोख उगाही मिळते.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. सेलटेलला बँका कर्ज देत नव्हत्या. काँगो, सिएरा लिओन ही नावं ऐकली की बँकांची दारं बंद होत. त्यामुळे सुरुवातीची वाढ बहुतांशी भागभांडवलावर झाली. ब्रिटिश सरकारच्या सीडीसीसारख्या विकास-वित्त संस्थांनी त्यात पैसा घातला. लाच द्यायची नाही म्हणून इब्राहिम यांनी नियमच केला होता की 30,000 डॉलरहून मोठा कोणताही खर्च संचालक मंडळाच्या मंजुरीशिवाय व्हायचा नाही. 2005 मध्ये कुवेतच्या एमटीसीने, म्हणजे नंतरच्या झेनने, ही कंपनी 3.4 अब्ज डॉलरना विकत घेतली. ज्या परवान्यांना कोणी हात लावत नव्हतं, त्यांची सात वर्षांनी ही किंमत झाली.

हा पैसा टॉवरपाशी कसा खर्च होतो ते जरा जवळून पाहू. काँगोच्या आतल्या भागात विजेची तार पोचलेली नाही. म्हणून टॉवरखाली बॅटऱ्यांची रांग आणि बहुधा दोन जनरेटर, एक चालू, एक विसाव्याला. जनरेटरला डिझेल लागतं आणि पावसाळ्यात टँकर चिखलात रुततो, तेव्हा पिंपं नदीतून होडीने न्यावी लागतात. डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून कुंपण आणि रात्रंदिवस पहारेकरी. पुढच्या टॉवरशी जोड मायक्रोवेव्हच्या तबकडीने, कारण जमिनीखाली केबल नाही. यातली यंत्रं स्वीडन किंवा चीनमधून डॉलर मोजून येतात. डिझेलचा भावही डॉलरच्या मागे धावतो. आणि या सगळ्याची भरपाई कुठून व्हायची? चौकात छत्रीखाली बसून स्क्रॅच कार्ड विकणाऱ्या पोराकडून, स्थानिक नोटांत. माझ्या व्याख्यानाचा सगळा विषय या एका टॉवरपाशी उभा आहे.

मध्यंतरी केनियात जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मार्च 2007 मध्ये सफारीकॉम या तिथल्या मोबाइल कंपनीने फोनवरून पैसे देण्याघेण्याची एम-पेसा ही सेवा सुरू केली. व्होडाफोनमधले निक ह्यूज आणि सूझी लोनी यांनी ब्रिटिश सरकारच्या एका निधीतून मिळालेल्या मदतीवर तिची चाचणी घेतली होती, ती सूक्ष्म कर्जांचे हप्ते भरण्यासाठी. लोकांनी मात्र ती सोय घरी पैसे पाठवायला वापरली. मुंबईचा चाकरमानी कोकणात मनीऑर्डर करायचा, तीच ही गरज. फरक इतकाच की इथे पोस्टमनची वाट पाहायची नाही. नैरोबीतल्या हिरव्या रंगाच्या टपरीत माणूस रोख पैसे देतो, एजंट वहीत नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि रक्कम लिहितो, सही घेतो, दोघांच्या फोनवर संदेश येतो. एजंटच्या एका खात्यात फोनमधली शिल्लक आणि गल्ल्यात रोकड. एक वाढली की दुसरी घटते. दोन्ही सांभाळणं ही त्याची रोजची कसरत. पैसे पाठवायचे तर ज्या नेटवर्कचं एजंटजाळं मोठं तेच सोयीचं, म्हणून गिऱ्हाईक सफारीकॉमला बांधलं गेलं. प्रतिस्पर्ध्याने कॉलचा दर निम्मा केला तरी ते हलेना.

हे पुढे एअरटेललाही सोसावं लागलं. 2008 आणि 2009 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एमटीएन या मोबाइल कंपनीशी भारतीच्या सुनील मित्तल यांची बोलणी फिसकटली होती. मग 2010 मध्ये भारतीने झेनचा 15 देशांतला आफ्रिकी कारभार 10.7 अब्ज डॉलरना घेतला, तोही मुख्यतः डॉलरमधल्या कर्जावर. सेलटेलला न मिळालेलं कर्ज तिच्या वारसदाराला भरभरून मिळालं. भारतात ज्या पद्धतीने यश आलं होतं तीच तिथे न्यायची होती: दर पाडायचे, मिनिटं वाढवायची, नेटवर्क आणि संगणक यंत्रणा एरिक्सन, आयबीएम यांच्याकडे सोपवायची. ‘मिनिटांचा कारखाना’ असं त्याला म्हणत. ऑगस्ट 2010 मध्ये केनियात दर मिनिटाला 3 शिलिंगपर्यंत उतरवले. मिनिटं वाढली, पण दर घसरला तितक्या वेगाने नाही. लोक खिशात दोन-तीन सिम बाळगत आणि जे स्वस्त ते वापरत. भारतात एक बाजार, एक चलन, दाट वस्ती. तिथे प्रत्येक सरहद्दीला नवा नियामक, नवा कर. पुढे एअरटेलला हजारो टॉवर विकावे लागले, बुर्किना फासो आणि सिएरा लिओनचे व्यवसाय ऑरेंजला द्यावे लागले. 2019 मध्ये एअरटेल आफ्रिकेची लंडनच्या बाजारात 80 पेन्सला नोंदणी झाली, तोवर कर्जाचं ओझं बरंच हलकं करून झालं होतं.

तरी खरा घाव पुढेच होता. 2010 मध्ये एका डॉलरला नायजेरियाचे सुमारे 150 नायरा पडत. जून 2023 मध्ये नायजेरियाने चलन बाजारावर सोडलं आणि 2024 मध्ये भाव 1,500च्या घरात गेला. म्हणजे 100 नायरांचं जे रिचार्ज 2010 मध्ये 67 सेंट मिळवून देत होतं, ते 7 सेंटांच्याही खाली आलं. गिऱ्हाईक तेच, तेवढंच किंवा अधिक बोलणारं, डेटा तर कितीतरी पट वापरणारं. मार्च 2024 ला संपलेल्या वर्षात एअरटेल आफ्रिकेला 8.9 कोटी डॉलरचा तोटा झाला, तो मुख्यतः नायरा आणि मलावीच्या क्वाचाच्या घसरणीने. एमटीएन नायजेरियालाही 2023 आणि 2024 अशी सलग दोन वर्षं तोटा. तिच्या टॉवरांचं भाडं डॉलरशी बांधलेलं होतं. 2024 मध्ये ते करार नव्याने करून घ्यावे लागले, आणि जानेवारी 2025 मध्ये दशकाहून अधिक काळ थांबलेली दरवाढ, 50 टक्क्यांपर्यंत, नियामकाने मंजूर केली. त्या वर्षी कंपनी नफ्यात आली. मला हे सरळ सांगावंसं वाटतं की विनिमयाचा तोटा शेवटी त्या छत्रीखालच्या पोराच्या गिऱ्हाइकाने भरला, आणि कर्ज कोणत्या चलनात काढायचं हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

सरकारांचा धोका वेगळा, आणि त्यावर मी थोडक्यातच बोलतो. 2015 मध्ये नोंदणी नसलेली 50 लाखांहून अधिक सिम बंद केली नाहीत म्हणून नायजेरियाने एमटीएनला प्रत्येक सिममागे 2 लाख नायरा, एकूण 5.2 अब्ज डॉलर दंड ठोठावला. वाटाघाटीनंतर 2016 मध्ये तो 330 अब्ज नायरांवर आला. आफ्रिकेला नाव ठेवण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. 2 फेब्रुवारी 2012 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 122 दूरसंचार परवाने रद्द केले, त्यात नॉर्वेच्या टेलिनॉरचे परवानेही गेले. वाटप चुकीचं होतं, निकाल योग्य होता असं माझं मत आहे, पण बाहेरून येणाऱ्याने सरकारने दिलेला कागद खरा मानून पैसा घातला होता हेही तितकंच खरं.

मग करावं काय? मला यात केनियाचं उदाहरण मोलाचं वाटतं. 2008 मध्ये तिथल्या सरकारने सफारीकॉमचा 25 टक्के हिस्सा 5 शिलिंग दराने जनतेला विकला. शिक्षक, कारकून, छोटे दुकानदार अशा लाखो केनियन लोकांनी अर्ज केले. पुढची काही वर्षं भाव 5च्या खालीच रेंगाळला आणि पुष्कळांची निराशा झाली. 2021 मध्ये तो 40च्या वर गेला. त्यांची कमाई शिलिंगात, गुंतवणूक शिलिंगात, कंपनीचं उत्पन्न शिलिंगात. डॉलर वधारला म्हणून त्यांना लाभांश कमी पडत नाही. पण देशी भागधारक आले की सगळं भागलं असंही समजू नका. डिसेंबर 2021 मध्ये एमटीएनने नायजेरियन जनतेला 169 नायरा दराने समभाग विकले. दोनच वर्षांत कंपनी तोट्यात गेली, कारण देणी डॉलरमध्येच राहिली होती. भागधारक देशी आणि कर्ज परदेशी, अशी जोडी टिकत नाही.

म्हणून मला वाटतं, विकास-वित्त संस्थांनी आता या कंपन्यांना डॉलर देण्यापेक्षा नायरात, शिलिंगात, इथिओपियाच्या बिरमध्ये दीर्घ मुदतीचं कर्ज मिळेल अशी हमी द्यावी. लागोसच्या पेन्शन फंडांकडे पैसा आहे, टॉवरवाल्यांना पैसा हवा आहे, मध्ये हमीदार हवा. एअरटेल आफ्रिकेने स्वतःहून ही वाट धरली आहे. तिच्या देशोदेशीच्या उपकंपन्यांचं बाजारातलं बहुतेक कर्ज आता स्थानिक चलनात आहे.

तुमच्यापैकी कोणाला या बाजारात पैसा घालायचा असेल तर मी नको म्हणणार नाही. ग्राहक तिथे आहे, तरुण आहे, रोख देतो. इथिओपियाकडे पाहा. 2021 मध्ये सफारीकॉमच्या नेतृत्वाखालच्या गटाने 85 कोटी डॉलर भरून तिथला परवाना घेतला, 2022 मध्ये सेवा सुरू केली, आणि जुलै 2024 मध्ये बिर मोकळा सोडल्यावर काही महिन्यांत त्याची निम्म्याहून अधिक किंमत गेली. त्या कंपनीचा अहवाल हाती आला तर ग्राहक किती वाढले हे पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत दिसेल. कर्ज कोणत्या चलनात आहे, टॉवरचं भाडं कशाशी बांधलं आहे आणि नफा देशाबाहेर नेता येतो का, हे मागच्या बारीक टिपांमध्ये असेल. मी टिपांपासून वाचायला सुरुवात करतो.