सुकाणूवर बसणाऱ्याची नजर
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी विषय दिला, ‘नौदलाचे छात्र : चारित्र्य आणि नेतृत्व’. नौदलात नोकरी करून आलो म्हणून मलाच पकडलं. आपल्याकडे घोडेबाजार आहे, समुद्र नाही. समुद्र तापीला सुरतेच्या पुढे भेटतो. पहिल्यांदा पांढरा गणवेश घालून सुट्टीवर आलो तेव्हा एका आजोबांनी विचारलं होतं, “कोणत्या बँडमध्ये वाजवतोस रे?”

एनसीसीच्या नौदल विभागात मुलांना व्हेलर वल्हवायला शिकवतात. 27 फुटांची होडी, 5 वल्ही. वल्हवणारे पाचही जण मागे तोंड करून बसतात. आपण कुठे चाललोय ते त्यांना दिसतच नाही. पुढचं दिसतं फक्त सुकाणूवरच्या एकाला, त्याला कॉक्सन म्हणतात. गंमत अशी, की वल्हं त्याच्या हातात नसतं. तळहाताला फोड येतात ते बाकीच्यांच्या. म्हणून चांगल्या कॉक्सनची नजर दोन ठिकाणी असते, समोरच्या पाण्यावर आणि त्या पाच चेहऱ्यांवर. कोण दमलं, कोणाचं वल्हं मागे पडतंय, हे न सांगता कळलं पाहिजे. नुसता आरडाओरडा करणाऱ्याचीही होडी चालते, पण वाकडी. आणि जो स्वतः कधी वल्हवायला बसलाच नाही, त्याला तर मी सुकाणूजवळ फिरकू देणार नाही.

1971 च्या युद्धात 9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. मुलांना ही गोष्ट आपण बहुधा मरणाची म्हणून सांगतो. मला ती त्याआधीच्या काही मिनिटांची वाटते. जहाज सोडायचा हुकूम देऊन ते माणसांना बाहेर काढत होते. स्वतःचं लाइफ जॅकेटही त्यांनी दुसऱ्याला दिलं, असं वाचलेल्यांनी सांगितलं. तसं वागणं त्या रात्री अचानक सुचत नसतं.

दुसरी गोष्ट आपल्या मराठी माणसाची, आणि ती मला जास्त जवळची. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. 1971 मध्ये पूर्व किनाऱ्यावर आयएनएस कामोर्टाचे कप्तान, वीरचक्राचे मानकरी. पुढे निवृत्त होऊन फलटणजवळच्या विंचुर्णीत राहायला गेले. तिथेही समुद्र नाही! एका भारतीयाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांनी लावून धरली. दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ तयार झाली. 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघालेले दोंदे 19 मे 2010 ला परत आले. किनाऱ्यावरून त्यांना मदत करणाऱ्यांत अभिलाष टॉमी होते. पुढे टॉमींनी त्याच बोटीतून, कुठेही न थांबता, एकट्याने तीच फेरी केली. 2017-18 मध्ये ‘तारिणी’तून सहा महिला अधिकारी जगाला फेरी मारून आल्या, त्यांना तयार करण्यात दोंदे होते.

आवटींचं नाव आपल्यापैकी किती जणांनी आज पहिल्यांदा ऐकलं? हात वर करू नका, सरांसमोर लाज जाईल. पण बघा, ज्याने कल्पना मांडली तो स्वतः बोटीत नव्हता, आणि जो पहिला जाऊन आला त्याने पुढच्यांना वाट दाखवली. वर्गाचा मॉनिटर झालेल्या मुलाला मी एवढंच विचारेन, तुझ्यानंतरचा मॉनिटर कोण, आणि त्याला तू काय शिकवलंस?

आता हात खरंच वर करा. पोहता कोणाकोणाला येतं?

मोजले मी. मुलींमध्ये दोन, मुलांमध्ये नऊ. बॅरेजमुळे गावाशेजारी एवढं पाणी उभं आहे आणि आपली मुलं काठावरून बघतात, किंवा कोणाला न सांगता उतरतात. नौदलाचं स्वप्न राहू द्या बाजूला. बुडणाऱ्या मित्राला काठी पुढे करायची की स्वतः उडी मारायची, एवढं तरी कळलं पाहिजे. उडी मारायची नसते, काठी किंवा दोर टाकायचा, हे आजच ऐकून ठेवा.

बॅचच्या वतीने भिंतीवर संगमरवरी फलक लावायचं चाललंय. माझी विनंती आहे, त्या पैशांतून वीस लाइफ जॅकेट आणि दोर घेऊ. उन्हाळी सुट्टीत तीन आठवडे मी इथे थांबतो. मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी लागेल. आपल्यातले जे डॉक्टर झालेत त्यांनी दोन दिवस प्रथमोपचारासाठी द्यावेत. मुलींची तुकडी वेगळी हवी असेल तर तशी करू, पण मुली हव्यातच. नावं जेवणानंतर माझ्याकडे द्या, वही आणली आहे.